बेस

अमळनेरला बसस्टँडच्या मागं,
जिथं आता फ्लेक्सचं मशीन रात्रभर घरघरतं,
तिथं भिला पेंटरचं दुकान होतं.
दुकान म्हणजे एक शिडी, सात डबे
आणि डबे धरायला मी.

भाव ठरलेला. साध्या अक्षराला आठ आणे,
जोडाक्षराला बारा.
म्हणून जिनिंगवाल्या शेठच्या भिंतीवर
‘सर्वोत्कृष्ट’ चढलं,
आणि बोरीकाठच्या झेलाबाईच्या गाडीवर
नुसतं ‘छान’.
‘सस्ता शबद लिख, भाऊ,’ ती म्हणाली,
‘भज्या मी चांगल्या करसू.’
बापानं दोन्ही अक्षरं मन लावून काढली,
पैसे एकाचेच घेतले.

आता मी वाचनालयात पुस्तकं सांधते.
परवा एक जुना शब्दकोश आला, पाठ मोडलेला.
शिवायला बसले आणि वाचत राहिले.

उत्कृष्ट : वर ओढलेलं.
नांगर ओढणाऱ्याचा धातूही तोच.
म्हणजे शेठच्या भिंतीवर, ऑइलपेंटच्या खाली,
एक बैलजोडी काळी माती ओढत होती
आणि आम्ही हिशेब जोडाक्षराचा करत होतो.

जबरदस्त : ज्याचा हात वर.
हसूच आलं.
शिडीच्या शेवटच्या पायरीवर
हात कुणाचा वर असायचा,
कोपरापर्यंत निळा?

अस्सल म्हणजे मूळ, तेही अरबस्तानातून आलेलं.
फर्मास म्हणजे फर्माइश,
कुणी सांगितलं म्हणून झालेलं.
इथं सुई थांबली.
कुणी सांगितल्याशिवाय बापानं
उभ्या जन्मात एक ओळ लिहिली नाही.

सरस दोन निघाले.
एक रसासकट.
दुसरा फारसीतला, जनावराच्या हाडाकातड्याचा, चिकटवायचा.
बाप रंगात घालायचा तो दुसरा.
उकळायला लागला की आई शेजारी जाऊन बसायची.
आत्ता माझ्या ब्रशावरही तोच होता,
पहिल्या सरसाचं पान
दुसऱ्यानं चिकटवत होते.

छानचं पान वाळवीनं नेलंय.
त्याचं मूळ झेलाबाईलाच ठाऊक असेल.

मग पुढं, ब मध्ये :
बेस. बेश. फारसी. अधिक, आणखी.

नऊ वर्षांची होते.
पत्र्याच्या तुकड्यावर
‘अमळनेर’मधला ळ काढला होता,
दोन्ही गाठी सारख्या येईपर्यंत
आठदा पुसून.
बापाला दाखवला.
तो शिडीवर, तोंडात बिडी.
खाली बघून एवढंच म्हणाला...
मला ऐकू आलं : बस.

पुरे म्हणतोय, असं वाटलं.
कुंचला टर्पेंटाइनमध्ये ठेवला,
बोटं घासून धुतली
आणि घरी गेले.
पुन्हा डबे धरले, कुंचला नाही.
त्यानं विचारलं नाही, का.
मीही सांगितलं नाही.

आज, इतक्या वर्षांनी, त्याचं बोलणं आठवून बघते :
चहा बेस.
जावई बेस.
आज ऊन नाही, बेस शे.
आणि नको असलं की?
तेव्हा तो ‘ऱ्हाऊ दे’ म्हणायचा.
‘बस’ हा शब्द त्याच्या तोंडी कधी नव्हताच.
एक मात्रा तेवढी
बिडीच्या धुरात राहिली होती.

सरस वाळायला रात्र लागते.
कोशावर दोन विटा ठेवल्या,
दिवा मालवायला उठले,
परत बसले.
वाटीत उरलेल्या सरसात बोट बुडवून
टेबलाच्या कडेला एक ळ काढला.
पहिली गाठ जमली.
दुसरी लवंडली.

पुसला.
पुन्हा काढला.